दारावरची रेघ सरळ कशी आणावी: घरच्या डेंटिंगमध्ये बॉडी लाइनचं काम

गाडी रंगवून, पॉलिश करून उन्हात उभी केली आणि संध्याकाळी मागच्या दिव्याजवळ डोळा नेऊन पुढे पाहिलं की काम कसं झालंय ते कळतं. खिडक्यांखालची जी रेघ कारखान्यातून दोरी धरल्यासारखी आली होती, ती पुढच्या दारात जराशी खाली उतरते, मागच्या दाराच्या कडेला बोथट होते आणि क्वार्टर पॅनेलवर (मागच्या दारामागचा, मागच्या चाकावरचा पत्रा) पुन्हा वर चढते. रंग कितीही चांगला मारा, हे झाकलं जात नाही. चकाकीमुळे उलट उठून दिसतं.

बहुतेक वेळा कारण एकच असतं. रेघ ही वेगळी वस्तू समजून तिच्यावरच मेहनत घेतलेली असते. तिथे पुट्टी भरायची, पॉलिश पेपर बोटांखाली धरून रेघेवरून पुढेमागे फिरवायचा, आणि तासभर घासत बसायचं. याने रेघ हमखास बिघडते. बॉडी लाइन म्हणजे पत्र्याचे दोन पृष्ठभाग एकमेकांना भेटतात ती जागा. वरचा पृष्ठभाग लांबीभर एकसारखा झाला आणि खालचाही झाला, की त्यांच्या भेटीतून येणारी रेघ सरळच येते. खाली जे काही सांगितलं आहे, ते सगळं हे दोन पृष्ठभाग नीट करण्यासाठी आहे.

उदाहरणाला प्रीमियर ११८ एनई घेऊ. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही गाडी फियाट १२४ च्या आराखड्यावरची, म्हणजे मूळ आकार १९६६ चा: चौकोनी, जवळजवळ सपाट बाजू आणि खिडक्यांखालून पुढून मागपर्यंत गेलेला ठळक कंगोरा. पद्मिनीसारख्या गोलसर गाडीत एक मिलिमीटरची चूक वळणात विरून जाते. ११८ किंवा कॉन्टेसासारख्या चौकोनी गाडीत तीच चूक दहा फुटांवरून दिसते. पद्धत मात्र मारुती ८०० पासून आजच्या गाडीपर्यंत सगळीकडे हीच.

पुट्टीचा डबा उघडण्याआधी दारं

रेघ तीन-चार पॅनेलवरून जाते: फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा), पुढचं दार, मागचं दार, क्वार्टर. दार बिजागरीत ३ मिमी लोंबत असेल तर फटीपाशी रेघेला पायरी पडणारच. ती पायरी पुट्टीने भरून काढायची आणि नंतर कधीतरी बिजागरी बदलायची, म्हणजे सगळं काम पुन्हा करायचं. म्हणून दारं आधी.

गाडी सपाट फरशीवर, चारही चाकांवर, चाकांत सारखी हवा भरून उभी करा. जॅकवर नको. जुन्या गाडीचा सिल, म्हणजे दारांखालची आडवी पत्र्याची पेटी, थोडा जरी गंजला असेल तरी जॅक लावताच दारांच्या फटी बदलतात. दारात काच, काचेची यंत्रणा, कुलूप आणि दाराच्या चौकटीचं रबर हे सगळं जागेवर हवं. रिकामं दार हलकं असतं आणि वर बसतं. काच घातली की खाली येतं. नवीन रबर दाराला बाहेर ढकलतं. त्यामुळे रबराशिवाय जुळवलेलं दार रंगानंतर २ मिमी बाहेर आलेलं दिसतं, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो.

दार वीतभर उघडून मागच्या कडेला धरून वर उचला. कडेला १-२ मिमीपेक्षा जास्त खेळ जाणवला तर बिजागरीची पिन झिजली आहे. जुन्या गाडीची पिन दुकानात मिळाली नाही तर लेथवाला भोक साफ करून त्या मापाची पिन बनवून देतो, किरकोळ काम आहे. बिजागरीचे फुलीच्या खाचेचे मोठे स्क्रू गंजून बसलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा आणि इम्पॅक्ट ड्रायव्हरनेच (हातोडीने ठोकल्यावर फिरणारा) सोडवा. साध्या स्क्रू-ड्रायव्हरने खाच झिजली की ड्रिलशिवाय मार्ग राहत नाही.

जुळवणी मागून पुढे करायची, कारण क्वार्टर पॅनेल वेल्ड केलेलं असतं आणि हलत नाही. आधी मागचं दार क्वार्टरशी, मग पुढचं दार मागच्या दाराशी, मग फेंडर दाराशी, शेवटी बॉनेट. फेंडरही वेल्ड केलेला असेल तर दोन्ही टोकं पक्की धरा आणि उरलेला फरक दोन दारांत वाटून घ्या. हे करताना कुलूप ज्या खुंटीत अडकतं ती स्ट्रायकर काढून ठेवा. दार बिजागरीवरच योग्य उंचीला आलं पाहिजे. स्ट्रायकरने दार उचलून घेणं ही फार जुनी खोड आहे. काही महिन्यांत ती झिजते आणि रेघ पुन्हा खाली येते. दार जुळलं की स्ट्रायकर बसवून फक्त आत-बाहेरचं माप साधा. मागचं पॅनेल पुढच्यापेक्षा केसभर आत चालेल, बाहेर नको. फटीसाठी ४ मिमीच्या प्लायचा तुकडा गेज म्हणून पुरतो. तो सगळीकडे सारख्या अडखळीने सरकला पाहिजे.

पत्रा: जितका सरळ तितकी पुट्टी कमी

रंग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने (नंबर जितका लहान तितका पेपर खरखरीत) किंवा पेंट रिमूव्हरने काढा. अँगल ग्राइंडरची कडक चकती वापरू नका. सपाट दाराचा पत्रा मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो, तापला की फुगतो आणि परत जागेवर बसत नाही. जुनी गाडी असेल तर आधी लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून रेघेच्या वर-खाली फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे जुनी पुट्टी जाड आहे. ती काढल्याशिवाय तुमचं काम तिच्यावर टिकणार नाही.

पोचा रेघेवर असेल तर आधी रेघ उचला. कंगोरा हा पॅनेलचा सगळ्यात कडक भाग असतो. तो आत दबला की आजूबाजूचा पत्रा त्याच्याबरोबर खेचला जातो आणि तो वर आला की बराचसा पत्रा आपोआप मागे येतो. दाराचा आतला ट्रिम काढून, सर्व्हिसच्या भोकांतून हात घालून, बाभळीसारख्या टणक लाकडाची पाचर कंगोऱ्याच्या आतल्या खाचेत टेकवा. पाचरेचं टोक ३ मिमीच्या गोलाईचं हवं, धारदार नको. बाहेरून दुसऱ्याने डॉली (पत्र्याला आधार द्यायचा लोखंडी ठोकळा) कंगोऱ्याच्या लगेच वर किंवा खाली धरायची, कंगोऱ्यावर नाही. हलके ठोके, दर ठोक्याला पाचर १५-२० मिमी पुढे, पोच्याच्या दोन्ही टोकांकडून मध्याकडे. एकाच जागी जोरात मारलं तर तिथे टोक निघतं.

बाहेरच्या सपाट भागावर हातोडी आणि डॉली अगदी समोरासमोर आणून फार ठोकू नका. दोन लोखंडांत चेपला गेलेला पत्रा ताणला जातो आणि ताणलेल्या पत्र्याला जायला जागा नसते. डॉली आतून खळग्याखाली दाबून धरा आणि हातोडी शेजारच्या उंचवट्यावर मारा. उंचवटा खाली जातो तसा खळगा वर येतो. उंचवट्यांची काळजी जास्त घ्या. खळगा पुट्टीने भरता येतो, पण एक उंच ठिपका राहिला तर त्याच्या पातळीपर्यंत सगळं पॅनेल उचलावं लागतं.

तळवा ठेवून हलकं दाबा. पत्रा डब्याच्या झाकणासारखा टक् करून आत गेला आणि सोडल्यावर परत आला, तर तो ताणलेला आहे. त्यावर पुट्टी भरू नका, ती पहिल्या उन्हाळ्यात तडकेल. अशा पत्र्याला नाण्याएवढ्या जागी तापवून आकसवावं लागतं. दारातली रबरं, आतलं डांबरी अस्तर आणि जवळची पेट्रोलची वाट पाहता हे एवढं काम जुन्या, सरावलेल्या डेंटरकडून करून घ्यावं असं आमचं स्पष्ट मत आहे. आत हात जात नाही म्हणून पत्र्याला भोकं पाडून खेचणंही टाळा. त्या भोकांतून मागून ओल येते आणि वर्षभरात पुट्टीखाली फुगे धरतात. स्टड वेल्डरने, म्हणजे पत्र्यावर बाहेरून खिळा चिकटवणाऱ्या यंत्राने, खेचता येतं, भोक पडत नाही.

पत्रा मूळ पातळीच्या २ मिमीच्या आत आला की थांबा. घासून झाल्यावर पुट्टीची जाडी कुठेही ३ मिमीपेक्षा जास्त नको.

रेघ कुठे होती, हे आधी नक्की करा

दुसरी बाजू शाबूत असेल तर तीच तुमचं माप. सिलच्या खालच्या कडेपासून रेघेपर्यंतची उंची दर १५० मिमीला मोजून वहीत लिहा आणि खराब बाजूवर खुणा करा. जुन्या गाड्यांच्या दोन बाजू मिलिमीटरला मिलिमीटर जुळत नाहीत, म्हणून ही मापं फक्त सुरुवातीला धरायची. शेवटचा निर्णय डोळ्याचा.

उंचीइतकाच रेघेचा आडवा छेदही महत्त्वाचा. सुताराचं प्रोफाइल गेज, ज्यात दाबल्यावर सुया आत सरकतात, ते शाबूत बाजूच्या कंगोऱ्यावर आडवं दाबा आणि उमटलेला आकार जाड पुठ्ठ्यावर आखून कापा. फेंडर, पुढच्या दाराचा मध्य, मागच्या दाराचा मध्य आणि क्वार्टर असे चार पुठ्ठे, प्रत्येकावर जागेचं नाव लिहून. उलटे केले की तेच पुठ्ठे दुसऱ्या बाजूला चालतात. वरचा आणि खालचा पृष्ठभाग कोणत्या कोनात भेटतात आणि टोकाची गोलाई किती, हे दोन्ही त्यात येतं. हे न करता रेघ आणली तर ती सरळ येईल, पण कारखान्याची येणार नाही. एका बाजूला टोकदार आणि दुसऱ्या बाजूला गोल अशी गाडी पाहणाऱ्याला खटकते, कारण मात्र सांगता येत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. रेघ 'सरळ' म्हणजे भूमितीतली सरळ नव्हे. चौकोनी गाडीचं पॅनेलही लांबीच्या दिशेने किंचित बाहेर फुगलेलं असतं. फेंडरपासून क्वार्टरपर्यंत दोरी ताणून धरली तर मध्ये दोरी पत्र्याला टेकेल आणि टोकांकडे हळूहळू सुटेल. हे अंतर एकसारखं वाढत गेलं पाहिजे. मध्येच कमी होऊन पुन्हा वाढलं तर तिथे खळगा किंवा उंचवटा आहे. सगळं दोरीला चिकटवायला गेलात तर दार मधोमध चपटं होईल.

ब्लॉक

या कामात सगळ्यात जास्त फरक ब्लॉकने पडतो. दुकानात मिळणारा तळहाताएवढा रबरी ब्लॉक खळग्यात उतरतो आणि खळग्याच्या आकारातच घासतो. ब्लॉक खळग्यापेक्षा बराच लांब हवा. दारासाठी किमान ४०० मिमी.

बनवायला सोपा आहे. स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्याकडून साधारण ७५ मिमी रुंदीच्या ॲल्युमिनियमच्या चौकोनी पाइपचा ४५० मिमी तुकडा कापून घ्या. लाकडापेक्षा तो सरळ असतो आणि ओलीने वाकत नाही. कडा कानशीने गोल करा, नाहीतर पुट्टीत चरे पडतात. वळणदार भागासाठी ३ मिमी ॲक्रिलिकची ४०० × ७० मिमी पट्टी. ती पॅनेलच्या फुगवट्याबरोबर वाकते, पण लहान खळग्यात उतरत नाही. पेपर दुहेरी टेपने चिकटवा. ७० मिमी रुंदीचे चिकट रोल ऑनलाइन मिळतात, तेही उत्तम. पेपर वेळेवर बदला. बोथट पेपरावर हात नकळत जोर देतो, आणि जोर दिला की पत्रा दबतो. हात उचलल्यावर पत्रा परत येतो आणि तिथे उंचवटा उरतो.

पुट्टी

उघड्या पत्र्यावर ८० नंबरचे चरे असले की पॉलिएस्टर पुट्टी धरते, पण आधी दोन कोट इपॉक्सी प्राइमर मारणं आपल्या दमट हवेत जास्त सुरक्षित. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत उघडा पत्रा एका रात्रीत तपकिरी होतो. इपॉक्सीवर किती तासांत पुट्टी लावायची हे डब्यावर दिलेलं असतं. ती वेळ टळली तर १८० ने खरवडून मगच लावा.

१०० ग्रॅम पुट्टीला सुमारे २ ग्रॅम हार्डनर हे सर्वसाधारण प्रमाण. आपल्या डब्यावर काय दिलं आहे ते पाहा आणि ग्रॅमचा दशांश दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर मोजा. अंदाजाने पिळलेला हार्डनर दोन प्रकारे नडतो. कमी पडला तर पुट्टी चिकट राहते आणि पेपर भरत जातो. जास्त झाला तर उरलेला हार्डनर महिन्याभराने रंगातून डाग होऊन वर येतो, पांढऱ्या गाडीवर पिवळट छटा दिसते. काचेच्या किंवा ॲक्रिलिकच्या तुकड्यावर घडी घालत दाबून मिसळा, फेटू नका. फेटल्याने हवा शिरते आणि घासताना टाचणीएवढी भोकं उघडतात. रंगाची एकही वेगळी रेषा दिसेनाशी झाली की मिश्रण तयार. हाताशी वेळ ४ ते ६ मिनिटं. एप्रिल-मेमध्ये त्याहून कमी, म्हणून सकाळी दहाच्या आत काम उरका आणि उन्हात तापलेल्या पत्र्यावर लावू नका. एका वेळी १५० ग्रॅमपेक्षा जास्त कालवू नका.

फक्त खळग्यापुरती पुट्टी लावणं ही दुसरी मोठी चूक. १०० मिमीच्या पोच्याला ३०० ते ४०० मिमीचा पातळ थर हवा, कारण ब्लॉकला दोन्ही बाजूंना टेकायला जागा लागते. रेघेच्या कामात तर पूर्ण दारभर, कडेपासून कडेपर्यंत पातळ हात फिरवलेला बरा.

आणि पावसाळा. पॉलिएस्टर पुट्टी स्पंजासारखी पाणी शोषते. तिला पाणी लावून घासणं ही आपल्याकडची सर्रास सवय, पण ती सोडा. पुट्टी कोरडीच घासा. जून ते सप्टेंबर उघडी पुट्टी रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी प्राइमर मारला तर वर्षभरात बारीक फोड येतात. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ या कामाला सगळ्यात चांगला.

टेप: रेघ इथे येते

साधा मास्किंग टेप इथे उपयोगाचा नाही, तो ओढताना कमी-जास्त ताणला जातो आणि कडेला लाटा येतात. ६ मिमीचा प्लॅस्टिकचा फाइन लाइन टेप घ्या. सगळी दारं बंद करा. फेंडरच्या टोकाला टेपचं एक टोक दाबा, रोल हातात घेऊन दोन-तीन फूट मागे धरा, हलका ताण द्या आणि चालत चालत क्वार्टरपर्यंत एका दमात आणा, फटींवरूनसुद्धा. तोडू नका. तो रेघेच्या लगेच खाली बसला पाहिजे, वरची कड बरोबर रेघेच्या जागी. अजून दाबू नका. आधी बंपरजवळ उकिडवे बसून, एक डोळा मिटून टेपच्या कडेवरून पाहा. जिथे मोडल्यासारखं वाटेल तिथून उचला आणि पुन्हा ओढा. पाच-सहा वेळा करावं लागलं तरी करा. पुढचे सगळे तास या एका कडेवर अवलंबून आहेत. मग अंगठ्याने दाबा आणि खालच्या बाजूने आणखी रुंद टेप लावून खालचा पृष्ठभाग झाका.

आता वरच्या पृष्ठभागावर पुट्टी लावा, टेपच्या कडेवर थोडी चढू द्या. सात-आठ मिनिटांनी नखाने दाबून पाहा. नखाची खूण उमटते, पण पुट्टी बोटाला लागत नाही, सुकत आलेल्या साबणाच्या वडीसारखी वाटते, हीच टेप काढायची वेळ. तो स्वतःवर दुमडून, हळू, पत्र्यालगत ओढा. मागे चाकूने कापल्यासारखी कड राहते. उशीर केला तर पुट्टी टेपबरोबर तुकड्यांनी उचकटते.

पुट्टी पूर्ण बसली की त्याच जागी टेप पुन्हा लावा, या वेळी दोन थर, आणि ८० नंबरचा लांब ब्लॉक फिरवा. ब्लॉक रेघेला तिरका, तीस-चाळीस अंशांत धरा आणि गाडीच्या लांबीच्या दिशेने सरकवा. दहा-बारा हातांनंतर उलटा तिरका धरा. पुट्टीवर फुल्यांची जाळी दिसली पाहिजे. ब्लॉकचं वजनच पुरे, जोर देऊ नका. पेपर टेपला जागोजागी नुसता स्पर्श करू लागतो तेव्हा सावध व्हा. पूर्ण लांबीभर टेपवर सारखे ओरखडे उमटले की वरचा पृष्ठभाग झाला. एका जागी टेप फाटू लागला आणि दुसरीकडे शिवलाही नाही, तर फाटतोय तिथे घासणं थांबवा आणि दुसरीकडे पुट्टीचा आणखी एक पातळ हात द्या.

मग टेप काढा आणि उलट करा: घासून तयार झालेल्या वरच्या पृष्ठभागावर, खालची कड रेघेवर ठेवून टेप लावा, खाली पुट्टी भरा, अर्धवट बसली की टेप काढा, पुन्हा लावा, घासा. दुसरा पृष्ठभाग पहिल्याला येऊन भेटतो आणि रेघ उघडी पडते. ती पहिल्यांदा दिसते तेव्हा फारच टोकदार असते, बोट लागलं तर तुकडा उडेल इतकी. तशीच राहू द्या, गोलाई नंतर.

दाराच्या फटीपाशी ब्लॉक नेहमी दोन्ही पॅनेलवर टेकलेला हवा. एकाच पॅनेलवर घासत कडेपर्यंत गेलात तर ब्लॉकचं टोक फटीत झुकतं आणि कडेचे शेवटचे २० मिमी जास्त घासले जातात. फटीपाशी रेघ विरलेली दिसते ती याचमुळे. फटीत गेलेली पुट्टी ओली असतानाच ब्लेडने कापा. उरलेली ३ मिमी ॲक्रिलिकच्या पट्टीवर ८० चा पेपर दुमडून, फटीत वर-खाली सरकवून काढा.

काळा फवारा

८० नंतर १५०, मग १८०. प्रत्येक वेळी आधी काळ्या रंगाचा अगदी पातळ फवारा किंवा गाइड कोटची काळी पूड. दोन-चार हातांनंतर पॅनेल नकाशासारखं दिसू लागतं. काळी बेटं उरली ती खळगे, चकाकणारा पत्रा किंवा इपॉक्सी उघडा पडला तो उंचवटा. बेटं घासून काढायचा मोह फार होतो, आणि बोटाने घासली की तीन हातांत जातातही. पण तो खळगा गेलेला नसतो, फक्त काळा रंग गेलेला असतो. आजूबाजूची पातळी खाली आल्यावर बेट आपोआप जायला हवं. पत्रा उघडा पडू लागला तरी बेट उरलंच असेल तर पुन्हा पातळ पुट्टी.

एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टीने आकार देऊ नका. ती थिनर उडून सुकते, म्हणजे आठवडेच्या आठवडे आकसत राहते, आणि आज सरळ दिसणारी रेघ दोन महिन्यांनी बसते. टाचणीच्या भोकांना हार्डनरची बारीक पॉलिएस्टर पुट्टी वापरा.

प्राइमर आणि गोलाई

आता हाय-बिल्ड (जाड थर बसणाऱ्या) टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायच्या, प्राइमरचे तीन कोट, प्रत्येकात १० ते १५ मिनिटांचं अंतर. टू-के हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. कापडी किंवा एन-९५ मास्क त्याला अडवत नाही. सेंद्रिय वाफांसाठीचे कार्ट्रिज लावलेला रेस्पिरेटर, चष्मा आणि हातमोजे ही किमान गरज, बाहेरून हवा पुरवणारा मास्क सर्वांत चांगला. सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारची मुलं खेळत असताना हा फवारा मारायचा नाही. फक्त फवारणीसाठी गाडी बूथ असलेल्या गॅरेजात न्यावी हे उत्तम. घासायचं काम तुमचंच राहतं.

किमान २४ तास, शक्य असेल तर दोन-तीन दिवस सुकू द्या. पुन्हा काळा फवारा, पुन्हा टेप, आणि १८० पासून लांब ब्लॉक, मग २४०, मग ४००. हा प्राइमर पाण्याने घासता येतो, पण कुठे पुट्टी उघडी पडली असेल तर तिथे पाणी नको. रेघेवर प्राइमर निघून गेला तर दचकू नका, टोकावर तो पातळच बसतो. दोन कोट परत द्या.

आता गोलाई. टोकदार कडेवर ओला रंग थांबत नाही, दोन्ही बाजूंना ओढला जातो आणि कडेवर पातळ राहतो. पहिल्याच पॉलिशला तिथून प्राइमर डोकावतो. ४०० नंबरचा पेपर मऊ फोमच्या तुकड्यावर घ्या, रेघेवर ठेवा आणि फेंडरपासून क्वार्टरपर्यंत न थांबता चाला. एक हात झाला. असे चार-पाच. मध्येच थांबून एखाद्या जागेला जास्त हात दिला तर तिथे रेघ बोथट दिसेल. दर दोन हातांनंतर पुठ्ठा लावून पाहा आणि तो बसला की थांबा.

रंगाआधीची शेवटची तपासणी अंधारात करा. ट्यूबलाइट पॅनेलपासून फूटभर अंतरावर, रेघेला समांतर, जमिनीलगत ठेवा आणि प्राइमरवर साबणाचं पाणी फिरवा. ओल्या पृष्ठभागात ट्यूबचं प्रतिबिंब दिसतं; तुम्ही मागे-पुढे चालाल तसं ते सरकेल. जिथे ते थबकतं, दुमडतं किंवा फुगतं, तिथे अजून काम आहे. प्रतिबिंब फटीपाशीच तुटत असेल तर दार हललं आहे, पुट्टीला हात लावण्याआधी बिजागरी पाहा. हँडलच्या आसपास लहान-लहान लाटा असतील तर तिथे छोटा ब्लॉक वापरला गेला आहे. पूर्ण दार मधोमध चपटं दिसत असेल तर कडक ब्लॉकऐवजी ॲक्रिलिकची पट्टी हवी होती.

एका बाजूला साधारण दीड ते दोन किलो पुट्टी, लिटरभर प्राइमर, ८० नंबरच्या डझनभर पट्ट्या आणि बाकी नंबरांच्या त्याच्या निम्म्या लागतात. शनिवार-रविवारच धरले तर एक बाजू महिनाभर चालते. पहिल्यांदा करत असाल तर पांढरा, क्रीम असा साधा फिकट रंग निवडा. काळा आणि गडद मेटॅलिक कसलीही सूट देत नाहीत. मूळ रंग बदलणार असाल तर आरसीवर नोंद करून घ्यावी लागते.

रंग आणि क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) मारून कडक झाल्यावर मशीनने पॉलिश करताना रेघेवर तोच ६ मिमीचा टेप लावून ठेवा. फिरता पॅड कंगोऱ्यावरचा क्लिअर काही सेकंदांत खाऊन टाकतो. शेवटी टेप काढा आणि ती ६ मिमीची पट्टी मऊ फडक्याने, हातानेच पॉलिश करा.